एका ध्वनिमुद्रिकेचे तीन पाठ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला मामांकडे गेलो असताना आमच्या दोघांत एक वाद झाला. वाद तसा क्षुल्लक. पण तो मिटवण्याच्या खटपटीत मला इतके काही शोधावे आणि ऐकावे लागले की ते वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे असे वाटले. मी संगीताचा जाणकार नव्हे. मला ‘सा’ लावायला सांगितला तर शेजारी खिडक्या लावून घेतील. पण कान सर्वांनाच असतात, आणि हा लेख गाण्याबद्दल कमी व ऐकण्याबद्दल अधिक आहे.

मामा जन्मभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. १९७८ च्या सुमारास लिव्हरपूलला जहाज लागले असताना त्यांनी तिथल्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानातून एक तबकडी घेतली. तिचे नाव ‘रॉ पॉवर’, वाजवणारे इगी अँड द स्टूजेस. मामी तिला ‘ती किंचाळणारी रेकॉर्ड’ म्हणतात. मी मात्र हे संगीत प्रथम ऐकले ते सीडीवर. मुंबईत फोर्टातल्या पदपथावर दीडशे रुपयांना मिळालेली ती १९९७ सालची आवृत्ती होती. मोठ्या उत्साहाने तीच मी मामांसाठी घेऊन गेलो. मामांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “अरे, ही माझी रेकॉर्ड नव्हे. गाणी तीच आहेत, पण ही ती रेकॉर्ड नव्हे.”

मी म्हटले, “मामा, उलट आता कुठे सगळं नीट ऐकू येतंय. तुमच्या तबकडीत ड्रम्स कुठे आहेत? बास कुठे आहे? आणि ही आवृत्ती खुद्द गायकाने दुरुस्त केली आहे.”

“गायकाने केली म्हणून काय झालं?” असे म्हणून मामा जेवायला उठले.

हे वाक्य मला फारच झोंबले. त्याला कारणही होते. पाठचिकित्सेवरच्या निबंधात मी नुकतेच छातीठोकपणे लिहिले होते की लेखकाने हयातीत शेवटचा हात फिरवलेला पाठ हाच प्रमाण मानावा. सरांनी समासात नुसते एक प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली होती. आता मामाही तेच प्रश्नचिन्ह काढीत होते.

ज्यांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकलेली नाही (आणि आपल्या महाविद्यालयात असे पुष्कळ असतील) त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. द स्टूजेस हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावचा वाद्यवृंद. १९६९ आणि १९७० साली त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. दोन्ही खपल्या नाहीत, कंपनीने हात वर केले आणि मंडळी पांगली. गायक इगी पॉप याला इंग्लंडच्या डेव्हिड बोवीने हात दिला. बोवी तेव्हा कीर्तीच्या उंबरठ्यावर होता. इगी आणि जेम्स विल्यमसन हा नवा गिटारवादक लंडनला गेले. तिथे मनाजोगते साथीदार मिळेनात, म्हणून जुन्यांपैकी ॲशटन बंधूंना बोलावून घेतले. स्कॉट ड्रम्सवर बसला. थोरला रॉन मूळचा गिटारवादक. पण ती जागा विल्यमसनने घेतलेली, तेव्हा रॉनच्या हाती बास गिटार आली. रॉनची ही बदली वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. १९७२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लंडनच्या सीबीएस स्टुडिओत आठ गाणी मुद्रित झाली.

इथून खरी गंमत सुरू होते. पण ती कळायला दोन शब्दांचा उलगडा हवा. स्टुडिओत सगळी वाद्ये एकाच ठिकाणी एकजीव होऊन मुद्रित होत नाहीत. रुंद फितीवर शेजारी शेजारी अनेक पट्ट्या असतात. एकीवर गाणाऱ्याचा आवाज, दुसरीवर गिटार, तिसरीवर ड्रम्स, अशी विभागणी असते. मग कोणीतरी बसून कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे सारायचे, कोणाला डावीकडे आणि कोणाला उजवीकडे ठेवायचे ते ठरवतो आणि त्या सर्वांची मिळून दोन पट्ट्यांची एक पक्की फीत करतो. याला मिक्सिंग म्हणतात. ती पक्की फीत तबकडीवर किंवा सीडीवर उतरवण्यापूर्वी एकंदर आवाज किती मोठा ठेवायचा, खर्ज किती, तार किती, याची शेवटची तजवीज होते. ते मास्टरिंग. आपल्या भाषेत बोलायचे तर मिक्सिंग हे संपादन आणि मास्टरिंग ही छपाई. बाजारात ‘नवी आवृत्ती’ म्हणून जे येते ते कधी जुन्याच संपादनाची नवी छपाई असते, तर कधी संपादनच नवे असते. वेष्टनावर दोन्हींची जाहिरात सारख्याच ठळक अक्षरांत असते, आणि गिऱ्हाईक फसते ते येथेच.

‘रॉ पॉवर’चे पहिले मिक्सिंग इगीने स्वतः केले. बोवीच्या आणि इगीच्या कारभार पाहणाऱ्या मंडळींना ते पसंत पडले नाही. बोवीने ते पुन्हा करावे असा त्यांनी आग्रह धरला. इगीने मान्य केले, पण ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ हे पहिले गाणे आपल्या मिक्सिंगचेच राहील या अटीवर. बाकीची सात बोवीने हॉलिवूडच्या वेस्टर्न साऊंड स्टुडिओत एका दिवसात उरकली, कारण खर्चाला पैसे नव्हते. बोवीने पुढे सांगितलेली हकीकत अशी की इगीने चोवीस पट्ट्यांची फीत आणली, पण तीतल्या तीनच वापरलेल्या. एकीवर सगळी मंडळी, दुसरीवर गिटार, तिसरीवर इगीचा आवाज. १९९७ च्या प्रतीत बास आणि ड्रम्स वेगवेगळे वर आलेले मला ऐकू येतात. तेव्हा ही आठवण शब्दशः घेऊ नये असे वाटते. पण तिचा भाव खरा असावा. जे हाती होते त्यातून आवाज आणि गिटार यांनाच उठाव देणे शक्य होते, आणि बोवीने तेच केले.

म्हणून मामांच्या तबकडीवर ऐकू येते ते असे. इगीचा आवाज आणि विल्यमसनची गिटार अगदी तोंडावर येतात. गिटारीची मधली एकल फेक तर कोणीतरी दार लाथेने उघडून आत आल्यासारखी एकदम मोठी होते. मागे ड्रम्स भिंतीपलीकडे कोणी खोके बडवावे तसे, आणि बास जवळजवळ नाहीच. ‘गिम्मी डेंजर’ या गाण्याला बोवीने कूपर टाइम क्यूब नावाचे यंत्र लावले. या यंत्रात ध्वनी वेटोळे घातलेल्या लांब नळीतून पाठवून क्षणभर उशिरा परत घेतात. त्यामुळे त्या गाण्याला जरा ओलसर, विहिरीत बोलल्यासारखी छटा आली आहे. एकूण आवाज पातळ, कर्कश, तिरपा. १९७३ च्या फेब्रुवारीत ही तबकडी निघाली, अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत १८२ व्या क्रमांकापर्यंत चढली आणि उतरली. वाद्यवृंद पुढल्याच वर्षी मोडला.

पण मोजक्या लोकांनी ती जिवापाड जपली. लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्स तिच्याबरोबर वाजवत वाजवतच गिटार शिकला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. अमेरिकेच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या हस्तलिखित यादीत तिला पहिले स्थान दिले होते. म्हणजे १९७६ नंतरच्या पंक नावाच्या साऱ्या गदारोळाने जी बाराखडी गिरवली, तीतली एक पाटी ही होती, आणि ती याच पातळ, बास हरवलेल्या पाटीवर गिरवली गेली. हा मुद्दा मला फार उशिरा सुचला. मामांशी भांडताना सुचला असता तर मी भांडलोच नसतो.

मधल्या काळात इगीच्या मूळ मिक्सिंगच्या चोरट्या प्रती भक्तांमध्ये फिरत होत्याच. १९९५ साली बॉम्प नावाच्या छोट्या कंपनीने ‘रफ पॉवर’ या नावाने तसला काही ऐवज प्रसिद्धही केला. मग १९९७ साली मूळ कंपनीने इगीला बोलावले. आपण नाही केले तर कंपनी दुसऱ्या कोणाकडून करून घेईलच, म्हणून आपण हे काम पत्करले, असे त्याचे म्हणणे. तब्बल चोवीस वर्षांनी त्याने सगळ्या पट्ट्या पुन्हा उघडल्या. ड्रम्स पुढे आणले, बास वर काढला, गिटारीवरचे संस्कार धुऊन टाकले, आपले जुने हुंकार आणि आरोळ्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या. आणि एकूण आवाज इतका चढवला की मोजमापाची सुई सतत लाल पट्टीतच राहावी. हा अपघात नव्हे, त्याला तसेच हवे होते.

हा ‘मोठा आवाज’ नीट समजून घ्यायला हवा. सीडीवर आवाजाला एक छत असते. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजून आकडा लिहायचा, आणि आकड्यांच्या पायऱ्या ६५,५३६. त्यापलीकडे आकडाच नाही. गाण्यात मात्र ड्रमवर टिपरू पडल्याचा क्षण बाकीच्या आवाजापेक्षा कितीतरी उंच उसळतो. ती उसळी छताला न लागता मावावी म्हणून बाकीचा आवाज खाली ठेवावा लागतो. आता कोणाला सगळेच मोठे करायचे असेल तर एकच मार्ग उरतो. उसळ्या दाबायच्या किंवा सरळ छाटायच्या, आणि मग सगळे उचलून छताला टेकवायचे. डोंगर कापून पठार करण्यासारखेच हे. १९९७ च्या ‘रॉ पॉवर’मध्ये सरासरी आवाज छताच्या अवघा ४ डेसिबल खाली आहे असे मोजणारे सांगतात. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक रॉक सीडींत हे अंतर याच्या तिपटी-चौपटीने असे. सर्व काळातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या रॉक सीडींत हिची गणना होते, ती यामुळे.

छाटण्याची किंमत दुहेरी असते. ध्वनीची लहर वरून सपाट कापली की मुळात नसलेले कर्कश स्वर तीतून उत्पन्न होतात. आणि लहान-मोठ्यातला फरकच नाहीसा होतो. ‘गिम्मी डेंजर’ची सुरुवात साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीने होते आणि पुढे गाणे हळूहळू अंगावर येते. माझ्या सीडीवर ती सुरुवातच पुढल्या कल्लोळाइतकी मोठी आहे. मग अंगावर यायला गाण्याला जागा कुठे उरली?

तरीही मला ती सीडी प्रथम अधिक चांगली वाटली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. याचे कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज अधिक भरल्यासारखा वाटतो. म्हणून तीच ध्वनिमुद्रिका जरा मोठ्याने लावली तर ती ‘भरीव’, ‘स्वच्छ’ वाटते. सुधारणा काहीच झालेली नसते. दुकानदार हे जाणून असतात.

तेव्हा न्याय करायचा तर आवाज सारखे करून. माझ्या मामेबहिणीने २०१० ची आवृत्ती मागवलेली होती. ही तिसरी प्रत. तीत बोवीचेच मिक्सिंग आहे, पण मार्क वाइल्डर याने नव्याने मास्टर केलेले. म्हणजे संपादन जुने, छपाई नवी. सोबत १९७३ सालच्या अटलांटातल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण जोडलेले आहे. मोबाइलमधले आवाज मोजण्याचे साधन आम्ही मामांच्या आरामखुर्चीवर, त्यांचे डोके येते तिथे ठेवले आणि तिन्ही प्रतींत इगीचा आवाज सारखा येईपर्यंत बटण फिरवत राहिलो. माझ्या सीडीसाठी बटण केवढे खाली आणावे लागले ते पाहून मामेबहीण हसूच लागली. मग तिने पडद्याआडून प्रती बदलायच्या आणि आम्ही दोघांनी कागदावर गुण द्यायचे असे ठरले. तबकडीच्या खरखरीवरून ती ओळखू येतेच. म्हणून खरी परीक्षा दोन सीडींची होती.

निकाल माझ्या विरुद्ध गेला, आणि तो मीच दिला. सारख्या आवाजात १९९७ ची प्रत भरीव राहिली नाही, दाटली. बास आणि ड्रम्स आहेत, हे खरे. ‘शेक अपील’मध्ये स्कॉट ॲशटन काय वाजवतो आहे ते प्रथमच कळते. ‘पेनिट्रेशन’ या गाण्यात मात्र मागे सेलेस्टा नावाचे घंट्यांसारखे किणकिणणारे वाद्य आहे, आणि ते बोवीच्या पातळ प्रतीत जास्त भिववते. चार गाण्यांनंतर माझे कान थकले. ‘डेथ ट्रिप’ हे सहा मिनिटांहून मोठे शेवटचे गाणे संपेपर्यंत मी घड्याळाकडे दोनदा पाहिले. २०१० च्या प्रतीत तेच गाणे संपू नये असे वाटले. तबकडीपेक्षा तिला किंचित अंग आहे, बासची चाहूल लागते, गिटारीची धार मात्र बोथटलेली नाही. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले.

मग ‘लेखकाचा शेवटचा हात’ कुठे राहिला? आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालील तर त्याला दोषही देऊन ठेवला. पण खुद्द ज्ञानदेवच चोवीस वर्षांनी परत आले असते आणि त्यांनीच ओव्या बदलल्या असत्या तर नाथांनी काय केले असते? निबंध लिहिताना मला हा प्रश्न पडला नव्हता. शिवाय मी गृहीत धरले होते की लेखक एकच असतो. ‘रॉ पॉवर’चा लेखक कोण? गाणाऱ्याचा शब्द अखेरचा, तर विल्यमसनचे काय? त्याला जुनेच मिक्सिंग बरे वाटले. आणि रॉन ॲशटन, ज्याची गिटार काढून बास दिली आणि तो बासही बोवीच्या मिक्सिंगमध्ये गाडला गेला, त्याला तरी नव्या आवृत्तीचा आनंद व्हावा? इगीने चोवीस वर्षांनी त्याचा बास उकरून वर आणला होता. पण रॉननेही सांगितले की जुनेच आपल्याला अधिक आवडत होते. नव्यात इगीने विल्यमसनच्या गिटारीचा गुळगुळीतपणा काढून टाकला आणि स्वतःचे सगळे हुंकार तेवढे परत घातले, अशी त्याची तक्रार होती. रॉन २००९ च्या जानेवारीत वारला, २०१० ची प्रत त्याने पाहिली नाही.

तेव्हा माझे आजचे मत असे. १९९७ ची प्रत हा मूळ ग्रंथ नव्हे, ती ग्रंथकर्त्याने उतारवयात स्वतःवर लिहिलेली टीका आहे. टीका म्हणून ती मोलाची आहे, कारण आत काय काय होते ते ती दाखवते. प्रथमच ऐकणाऱ्याने मात्र २०१० पासून सुरुवात करावी, आणि ज्याच्या मामांकडे तबकडी असेल त्याने तबकडीपासून.

इतके झाल्यावर मी मामांचा कागद पाहिला. मला वाटले होते, ते माझ्या सीडीला शून्य देतील. त्यांनी ‘शेक अपील’साठी १९९७ च्या प्रतीला सर्वांत जास्त गुण दिले होते. मी विचारले, “मामा, हे कसं?” तेव्हा त्यांनी कपाटातून एक कागद काढला. कानाच्या तपासणीचा आलेख होता. इंजिनरूममध्ये जन्म गेलेल्या माणसाचा कान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम खचतो. मामांची रेघ तिथून कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. झांजेची किणकिण आणि गिटारीची धार बरीचशी त्याच्याही वरच्या मुलखात असते. ज्या पातळ, धारदार प्रतीसाठी मामा माझ्याशी भांडले, तिची धार त्यांना कित्येक वर्षांत ऐकूच आलेली नव्हती.

“ती झांज मला पाठ आहे रे,” ते म्हणाले. “सुई कुठे आली की ती वाजते ते मला ठाऊक आहे. ऐकू येत नाही एवढंच. तुझ्या त्या सीडीत ढोल तरी ऐकू येतो.”

मग गुण बदलायचे का, असे मामेबहिणीने विचारले. मामा नको म्हणाले. ती सीडी मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. आवाज सारखे करताना बटणाशेजारी पेन्सिलीने केलेली तिन्ही प्रतींची खूण त्यांनी अजून पुसलेली नाही. तिसऱ्या खुणेच्या वर मात्र बटण न्यायचे नाही, असे मामींनी दोघांनाही बजावले आहे.